डांग-उंबरगांवचा सौदा : एक पुनर्विचार

कांहीं व्यवहार असे असतात कीं, ते पुरे होऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या तरी त्यांचा हिशेब लोकांच्या मनांत मिटत नाहीं. १ मे १९६० रोजीं द्विभाषिक मुंबई राज्याचें विभाजन होऊन महाराष्ट्र आणि गुजरात हीं दोन राज्यें अस्तित्वांत आलीं. त्या प्रसंगीं जी देवघेव झाली ती याच जातीची आहे. मुंबई मिळाली खरी. पण तिच्या बदल्यांत डांग गेला, उंबरगांव गेलें, पश्चिम खानदेशांतील तापीकांठचीं दीडशेंवर गांवें गेलीं, आणि वर रोख रक्कमहि मोजावी लागली. जें मुळांतच आपलें होतें तें सोडवून घेण्यासाठीं आपण खंडणी भरली, असा हा हिशेब महाराष्ट्रांत सांगितला जातो. महाराष्ट्रदिन जवळ आला कीं तो वर्तमानपत्रांतून आणि व्याख्यानपीठांवरून पुन्हां उगाळला जातो, आणि सुशिक्षित घरांतील बैठकींतहि त्याविषयीं सहसा दुमत आढळत नाहीं. 'आपण फसलों' हा त्याचा इत्यर्थ.

ज्या मताविषयीं दुमत आढळत नाहीं तें तपासून पाहणें हें टीकाकाराचें कर्तव्यच होय. त्यांत आम्ही ज्या नंदुरबारांत अध्यापन करतों तेथून ही सीमा घटकाभराच्या वाटेवर आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या गांवांतील सोयरीक, बाजार व यात्रा आम्ही नित्य पाहत आलों आहों. या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार त्यामुळें आम्हांस इतरांहून अधिक मिळतो असें नाहीं. परंतु तो टाळण्याची सोय मात्र आम्हांस इतरांहून कमी आहे. कोणा एका पुढाऱ्याचें समर्थन करावें किंवा कोणाच्या माथीं दोष मारावा हा आमचा हेतु नाहीं. हा व्यवहार खरोखरच एकांगी होता काय, आणि असल्यास तो कोणाच्या विरुद्ध एकांगी होता, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम वस्तुस्थिति. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यानें गुजरातला जे जिल्हे दिले त्यांत डांग हा एक होता. त्याशिवाय ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांतील ५० गांवें, आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदें व अक्कलकुवा या चार तालुक्यांतील मिळून १५६ गांवें गुजरातकडे गेलीं. त्यांचीं नांवें त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत दिलेलीं आहेत. नव्या गुजरात राज्याची राजधानी उभारण्यासाठीं आणि आरंभींच्या वर्षांतील तूट भरून काढण्यासाठीं महाराष्ट्रानें कोट्यवधि रुपये द्यावेत असेंहि ठरलें. महाराष्ट्राच्या पदरांत मुंबई शहर पडलें, आणि मराठवाडा व विदर्भ यांसह एकभाषी राज्य मिळालें. पश्चिम खानदेशचें पुढें धुळें जिल्हा असें नामांतर झालें, आणि त्या जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. म्हणजे ज्या चार तालुक्यांतून गांवें गेलीं ते चारहि तालुके आज आमच्याच जिल्ह्यांत आहेत.

आतां पूर्वपक्ष त्याच्या सर्व बळानिशीं मांडूं. मुंबई बेट महाराष्ट्राच्या भूमीनें वेढलेलें आहे. तिच्या गिरण्यांत राबणारा आणि तिच्या गोद्यांत ओझीं वाहणारा वर्ग बहुतांशीं मराठी होता. शहरांतील सर्व भाषिक गटांत मराठी गटच सर्वांत मोठा होता. तिच्यासाठीं शंभराहून अधिक माणसांनीं प्राण दिले, आणि त्यांचें स्मारक हुतात्मा चौकांत उभें आहे. अशा नगरीचें मोल पुन्हां जमिनींत आणि पैशांत कां द्यावें? दुसरें असें कीं, भाषेच्या तत्त्वावर राज्यें करावयाचीं असें एकदां ठरल्यावर, डांगाची बोली खानदेशीच्या कुळांतली असतां तो जिल्हा गुजरातेंत कां जावा? तिसरा आक्षेप तापीसंबंधीं आहे, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. तापीचें खोरें सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरांचें. त्यांतील जवळजवळ चार-पंचमांश भाग महाराष्ट्रांत आहे, आणि गुजरातेंत शेंकडा सहाहून अधिक नाहीं. असें असून या नदीवरचा सर्वांत मोठा जलाशय तिच्या शेपटाशीं, उकाई येथें झाला, आणि त्यासाठीं लागणारी आपल्याकडील भूमि आपण आपल्या हातानें देऊन टाकली. हे तीनहि आक्षेप पोकळ नाहींत. समितीच्या पक्षांतील ज्या लोकांनीं त्या वेळीं या अटींविरुद्ध आवाज उठविला त्यांना भावनावश म्हणून बाजूस सारणें हा अन्याय होईल.

परंतु या आक्षेपांचें उत्तर पाहण्यापूर्वीं अशा जुन्या सौद्यांच्या स्मृतीविषयींच दोन शब्द लिहिणें अवश्य आहे; कारण आपली बुद्धि मागाहून आलेल्या ज्ञानाच्या उजेडांत पूर्वींच्या माणसाचा हिशेब तपासते, आणि त्यास मूर्ख ठरवून मोकळी होते. याचें नामी उदाहरण मुंबईचेंच आहे. १६६१ च्या विवाहकरारानें पोर्तुगालनें मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजास कन्येबरोबर आंदण दिली, आणि १६६८ सालीं त्या राजानें ती वार्षिक दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केली. शाळकरी मुलासहि हा किस्सा ठाऊक असतो, आणि तो ऐकून पोर्तुगालच्या भोळेपणास आणि चार्लसच्या उधळेपणास सर्वच हंसतात. पण पोर्तुगालची त्या वेळची गरज कोणी विचारांत घेत नाहीं. १६४० सालीं स्पेनपासून फुटून निघालेलें तें राज्य वीस वर्षें जिवाच्या आकांतानें झुंजत होतें. इंग्लंडच्या मैत्रीनें त्यास सैन्य मिळालें, आणि १६६८ सालीं स्पेननें त्याचें स्वातंत्र्य मान्य केलें. सात दलदलीचीं बेटें देऊन ज्यानें स्वतःचें राज्य वांचविलें त्यास फसलेला कसें म्हणावें? चार्लसलाहि कंपनीकडून पन्नास हजार पौंडांचें कर्ज त्याच सुमारास मिळालें होतें, आणि रिकाम्या खजिन्याच्या धन्यास त्या दिवशीं त्याची किंमत दूरच्या बेटाहून जास्त होती. सौद्याचें मोल सौदा करणाराच्या त्या दिवसाच्या अडचणीवर मोजावें लागतें; तीनशें वर्षांनंतरच्या बाजारभावानें तें मोजतां येत नाहीं.

हाच निकष १९६० ला लावून पाहूं. 'मुंबई आपलीच होती' हें वाक्य भूगोलाच्या व इतिहासाच्या दृष्टीनें खरें आहे. राजकारणाच्या दृष्टीनें तें १९६० पूर्वीं खरें नव्हतें. १९५५ सालीं राज्य पुनर्रचना आयोगानें मुंबईसह द्विभाषिक राज्याचीच शिफारस केली होती, आणि विदर्भ निराळा ठेवण्यास सांगितलें होतें. १९५६ च्या जानेवारींत तर मुंबई केंद्राच्या ताब्यांत राहील अशी घोषणाच पंडित नेहरूंनीं केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत विशाल द्विभाषिक राज्य आलें. १९५७ च्या निवडणुकींत संयुक्त महाराष्ट्र समितीनें पश्चिम महाराष्ट्रांत जो विजय मिळविला त्यानें, आणि गुजरातेंत इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात चळवळीनें, दिल्लीस आपला निर्णय फिरवावयास लावलें. १९५९ सालीं इंदिरा गांधी कॉंग्रेसच्या अध्यक्षा असतांना हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला गेला तेव्हां मुंबईचा निर्णय बदलण्याजोगा झाला होता. तो बदललेला नव्हता. चार वर्षांत तीन निरनिराळ्या योजना जिच्याविषयीं निघाल्या ती वस्तु कोणाच्या पदरांत पडेल हें त्या वेळीं कोणी छातीठोकपणें सांगूं शकला नसता.

येथें आमचा मुख्य मुद्दा येतो. या व्यवहारास आपण 'सौदा' म्हणतों, आणि त्या एका शब्दानें सगळा विचार वांकडा होतो. सौदा दोन परक्यांत होतो. १९६० सालीं झाली ती वाटणी होती. एकत्र कुटुंब विभक्त होतांना काय होतें हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. चालतें दुकान एका भावाच्या वाट्यास गेलें म्हणजे तो दुसऱ्यास घर बांधण्यापुरती व कांहीं काळच्या निर्वाहापुरती रक्कम देतो. शेजारच्या शेताचा जो तुकडा दुसऱ्याच्या विहिरीखालीं येतो तो, बांधाची रेघ वांकडी करूनहि, त्यास सोडला जातो. त्या रकमेस कोणी खंडणी म्हणत नाहीं. मुंबईच्या पेढ्यांत, गिरण्यांत आणि करांच्या उत्पन्नांत गुजराती भांडवलाचा व व्यापाराचा वांटा होता. एका सामाईक तिजोरींत तें उत्पन्न जमा होत होतें. आणि निघून जाणाऱ्या भावास राजधानीसुद्धां नव्हती. या प्रकाशांत पाहिलें म्हणजे रोख रकमेची अट आम्हांस न्याय्य वाटते. तिची बोच फार तर इतकीच कीं, दुकान आपल्या वाट्यास आलें याचा आनंद आपण एकदां करून विसरलों, आणि दिलेल्या रकमेची मात्र अजून आठवण काढतों. सीमेपलीकडील कांहीं घरांतून 'मुंबई गेली' असाच उसासा ऐकूं येतो. दोघांहि भावांना आपण नाडले गेलों असें वाटावें, हें वाटणी फारशी एकांगी नव्हती याचें चांगलें गमक मानण्याचा प्रघात आहे.

आणखी एक लाभ या वाटणींत झाला, तो कोणत्याच जमाखर्चांत मांडला जात नाहीं. ती मिटली. बेळगांव, कारवार, निपाणी यांचा प्रश्न १९५६ पासून लोंबकळत राहिला. महाजन आयोग झाला, २००४ सालीं महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. आणि एवढ्या काळांत त्या सीमेवरील माणसांच्या आयुष्यांतील दोन पिढ्या मोर्चांत आणि खटल्यांत गेल्या. गुजरातच्या सीमेवर तसें कांहीं घडलें नाहीं. नवापूरच्या रेल्वेस्थानकांत ही सीमा फलाटावरूनच जाते. फलाटाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत आणि कांहीं गुजरातेंत आहे, आणि तेथील बांकावर एका राज्यांत बसलेला प्रवासी दुसऱ्या राज्यांत बसलेल्या प्रवाशाशीं निवांत गप्पा मारतो. दक्षिणेकडील सीमेवर हा देखावा कल्पनेंतहि आणणें कठीण आहे.

आतां डांगाविषयीं. भाषेच्या आधारावर त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांनीं ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा नववा खंड उघडून पाहावा. १९०७ सालीं निघालेल्या त्याच्या तिसऱ्या भागांत खानदेशीचा विचार भिल्ली भाषांच्या सोबतीनें केला असून डांगी ही खानदेशीची पोटबोली म्हणून दिली आहे. तेव्हां डांगी ही गुजराती आहे असें म्हणणाऱ्यांस त्या ग्रंथांतून जितका आधार मिळतो, तितकाच ती निर्भेळ मराठी आहे असें म्हणणाऱ्यांस मिळतो. म्हणजे दोघांसहि फार थोडा मिळतो. खरी स्थिति अशी कीं, तापी आणि सह्याद्रि यांच्या मधल्या या पट्ट्यांत भाषा रेघेनें संपत नाहीं. संध्याकाळच्या उजेडाप्रमाणें एक दुसरींत विरत जाते. मावची, वसावी, पावरी, गामीत, कोंकणी, अहिराणी, गुजरी या बोलींत मराठी कोठें संपते आणि गुजराती कोठें लागते हें सांगणारा पंडित आम्हांस अद्याप भेटला नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत ज्या मुलांनीं गोळ्या झेलल्या त्यांचा अग्रणी शिरीषकुमार मेहता याची घरची भाषा गुजराती होती, आणि त्याच्या बलिदानाचा अभिमान बाळगतांना या गांवांत कोणीहि त्याच्या मातृभाषेची चौकशी केलेली नाहीं.

डांगाचा इतिहासहि पाहण्याजोगा आहे. तेथील भिल्ल राजांकडून १८४२ सालीं इंग्रजांनीं सागवानासाठीं जंगल पट्ट्यानें घेतलें. आरंभीं हा मुलूख खानदेशच्या कलेक्टराकडे होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो सुरतेच्या कलेक्टराकडे गेला, आणि तेव्हांपासून त्याचा कारभार पश्चिमेकडूनच चालत आला. बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंद मापाची रेल्वे झाली, आणि लांकूड त्या वाटेनें समुद्राकडे वाहूं लागलें. १९६० पूर्वीं सुमारें अर्धें शतक डांगाची कचेरी आणि बाजारपेठ गुजरातच्या बाजूस होती. तेव्हां तो एका रात्रींत आपल्या हातून हिसकावला गेला ही कल्पना टिकत नाहीं. भाषेच्या दृष्टीनें आपला दावा दुबळा नव्हता, पण तो निर्णायकहि नव्हता. आणि निर्णायक नसलेला दावा वाटणींत सोडावा लागला तर त्यास लूट म्हणणें योग्य होणार नाहीं.

तापीकांठच्या १५६ गांवांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें कोणी भाषेचा वादच घातला नाहीं. उकाईचें धरण गुजरातला हवें होतें. त्याच्या पाण्याखालीं किंवा पाण्यालगत जी गांवें येणार तीं गुजरातकडे असलेलीं बरीं, एवढाच विचार त्यामागें होता. ज्या भाषिक तत्त्वाच्या नांवानें मुंबईसाठीं माणसें मेलीं, तें तत्त्व तापीच्या कांठीं येतांच निमूटपणें बाजूस ठेवण्यांत आलें. उकाई धरण १९७२ सालीं पुरें झालें. गुजरातेंत सरदार सरोवराखालोखाल मोठा असा त्याचा जलाशय आहे. सुरत जिल्ह्याच्या शेतास त्यानें पाणी दिलें, तीनशें मेगावॉट जलविद्युत् दिली, आणि त्या शहरास तापीच्या पुरापासून बऱ्याच अंशीं आडोसा दिला. शंभराहून अधिक गांवें त्या पाण्यानें कमीअधिक बाधित झालीं; त्यांतील रहिवासी बहुतेक गामीत, वसावा, भिल्ल, कोंकणी असे आदिवासी होते.

आक्षेपक म्हणतात, तीं गांवें आपण ठेवलीं असतीं तर धरणावर आपला हक्क सांगतां आला असता. हा तर्क तपासून पाहण्याची सोय इतिहासानें आमच्याच जिल्ह्यांत करून ठेविली आहे. नर्मदेच्या बाबतींत आपण गांवें दिलीं नाहींत, ठेवलीं. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवें आलीं, आणि तीं महाराष्ट्राचीं म्हणूनच बुडालीं. १९६९ सालीं नेमलेल्या लवादानें १९७९ सालीं निवाडा दिला. त्यांत २८० लक्ष एकर-फूट पाण्यापैकीं गुजरातला ९० लक्ष आणि महाराष्ट्राला अडीच लक्ष मिळालें. विजेंत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा २७ ठरला. हक्क राखून झालेला हा दुसरा व्यवहार होय. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी येथील लोकांना त्या शेंकडा २७ चें काय मिळालें हें पाहूं गेल्यास तळोद्याच्या जंगलांतून काढलेल्या वसाहती, वर्षानुवर्षें चाललेला जमिनीचा झगडा आणि प्रत्येक पावसाळ्यांत चढत जाणारें पाणी एवढेंच दिसतें. लवादानें जमिनीच्या बदल्यांत जमीन देण्याची अट घातली होती, ती पदरांत पाडून घेण्यासाठींसुद्धां त्यांना आंदोलन करावें लागलें. गांव दिलें काय आणि ठेवलें काय, डोंगरांतील माणसाच्या वाट्यास फार निराळें आलें नाहीं.

तापीच्या पाण्याचा आक्षेप आम्ही वजनदार म्हटला तो अशाच दृष्टीनें पुन्हां पाहिला पाहिजे. नदीचा चार-पंचमांश आपल्याकडे राहिला. तो अडविण्यास आणि शेतांत खेळविण्यास १९६० च्या कोणत्याहि अटीनें आपला हात धरला नव्हता. शहादें तालुक्यांत सारंगखेडें आणि प्रकाशें येथें तापीवर मोठे बंधारे झाले. पण केव्हां, तर एकविसावें शतक उजाडल्यावर. आणि त्यांचें पाणी वर चढविणाऱ्या उपसा सिंचन योजना तर पुढेंहि वर्षानुवर्षें बंद पडून राहिल्या. नदींत पाणी तुडुंब आणि कांठचें शेत कोरडें, असा प्रकार या जिल्ह्यानें पाहिला आहे. शेपटाशीं झालेल्या एका धरणाचें दुःख करतांना पोटाशीं असलेल्या पाण्याचें आपण काय केलें, हा प्रश्न आपल्या हिशेबांत येत नाहीं.

वाचकांस थोडे कडू वाटतील असे आंकडेहि येथें देणें भाग आहे. २०११ च्या जनगणनेंत आपण 'गमावलेल्या' डांगांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ७५ होतें. तापीकांठचीं पुष्कळशीं गांवें ज्या तापी जिल्ह्यांत आज आहेत त्यांत तें शेंकडा ६८ होतें. आणि आपण 'राखलेल्या' नंदुरबारांत तें शेंकडा ६४ होतें. महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी. डांगांतील दर शंभरांत सुमारें पंचाण्णव माणसें आदिवासी आहेत, तापींत चौऱ्यांशीं, आमच्या जिल्ह्यांत एकोणसत्तर. म्हणजे आदिवासींची संख्या मोठी म्हणून आमचा आंकडा खालीं आला ही सबबहि येथें चालत नाहीं. एका आंकड्यावरून दोन राज्यांच्या कारभाराचा निकाल लागत नाहीं, हें आम्ही जाणतों. गुजरातच्या आदिवासी भागांत सर्व आलबेल आहे असेंहि आमचें म्हणणें नाहीं. तरीपण ज्या भूमीसाठीं आपण साठ वर्षें हळहळलों तिची मुलें, आपल्या पदराखालीं राहिलेल्या मुलांपेक्षां अधिक संख्येनें वाचावयास शिकलीं असतील, तर त्या हळहळीस नैतिक अधिष्ठान काय उरतें?

आणि येथेंच या व्यवहाराचा खरा एकांगीपणा दिसूं लागतो. वाटणीच्या वेळीं भाऊ आपसांत बोलतात. शेतावरील कुळास कोणी विचारीत नाहीं. डांगचा कोंकणी, उंबरगांवचा वारली, कुकरमुंड्याचा भिल्ल यांस कोणत्या राज्यांत राहावयाचें आहे असें १९६० सालीं कोणी मतदानानें विचारलें नाहीं. ज्या उंबरगांव तालुक्याचे दोन तुकडे झाले तेथें १९४५ सालीं वारली शेतमजुरांनीं वेठीविरुद्ध मोठा उठाव केला होता. आपलें हित काय तें ठरविण्याची बुद्धि त्या लोकांस होती हें त्यांनीं पंधरा वर्षांपूर्वींच सिद्ध करून दाखविलें होतें. तरी सीमेची रेघ त्यांच्यामधून गेली ती त्यांना न विचारतां. राज्य बदललें कीं शाळेची भाषा बदलते, कचेरीची बदलते, जमिनीच्या उताऱ्याची बदलते. ज्याच्या बापाचा उतारा एका लिपींत आणि मुलाचें पुस्तक दुसऱ्या लिपींत, त्या माणसाचें नुकसान मुंबईच्या मोलांत कोठेंहि धरलेलें नाहीं.

आपली भाषाच येथें आपल्याविरुद्ध साक्ष देते. 'डांग गेला', 'उंबरगांव दिलें', 'गांवें सोडलीं', या क्रियापदांचा कर्ता कोण? प्रत्येक ठिकाणीं 'आपण'. आणि हे 'आपण' म्हणजे पुणें, मुंबई, नागपूर, फार तर धुळें. ज्यांची भूमि होती ते या वाक्यांत कर्त्याच्या जागीं नाहींत, संप्रदानाच्याहि नाहींत; ते वस्तूच्या जागीं आहेत. ज्या लेखांतून आणि भाषणांतून या व्यवहाराचा निषेध होत आला, त्यांत डांगच्या जंगलाचें, सापुताऱ्याच्या हवेचें आणि सागवानाच्या किमतीचें वर्णन आढळतें. डांगच्या माणसाचें मत क्वचितच आढळतें. निषेध करणाराची आणि वाटणी करणाराची दृष्टि या बाबतींत एकच होती. दोघांनींहि एकाच खतावणींत आंकडे मांडले. फक्त एकानें ते जमेस धरले आणि दुसऱ्यानें खर्चीं.

सारांश, आमचें मत असें आहे. १९६० ची वाटणी दोन राज्यांच्या दृष्टीनें प्रसिद्धीइतकी एकांगी नव्हती. मुंबई त्या दिवशीं निर्विवाद कोणाचीच नव्हती, आणि ती मिळविण्याचें जें मोल पडलें तें एकत्र कुटुंबांतून चालतें दुकान घेणाऱ्या भावानें द्यावें इतपतच होतें. डांगावरील आपला दावा खरा असला तरी अपुरा होता. रोख रक्कम वाजवी होती. तापीकांठच्या गांवांच्या बाबतींत मात्र तत्त्व सोडलें गेलें, आणि तो दोष दोन्ही बाजूंच्या वाटेकऱ्यांचा आहे. परंतु त्या दोषाची झळ ना मुंबईस लागली ना अहमदाबादेस. ती लागली ज्यांचीं गांवें परिशिष्टांत ओळीनें छापलीं गेलीं त्यांना, आणि पुढें नर्मदेच्या वेळीं त्यांच्याच शेजाऱ्यांना.

या मताविरुद्ध एक गोष्ट सांगतां येईल, आणि ती आम्ही दडवूं इच्छीत नाहीं. हुतात्म्यांच्या रक्ताचा हिशेब वाटणीपत्राच्या भाषेंत करणें कित्येकांस थंडपणाचें वाटेल. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, त्या लोकांनीं प्राण दिले ते मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसास आपल्या भाषेंत आपला कारभार चालवितां यावा म्हणून. त्या हेतूची कसोटी मुंबईच्या चौकांत लागून चुकली. आतां ती सातपुड्यांत लागते, जेथें पावरी किंवा मावची बोलणारें मूल शाळेच्या पहिल्या दिवशीं प्रमाण मराठी ऐकून भांबावून जातें, आणि दोन-चार वर्षांत शाळा सोडतें. त्यास त्याच्या बोलींतून मराठीपर्यंत नेणारे शिक्षक आणि पुस्तकें देणें आपल्या हातीं आहे. त्यासाठीं गुजरातकडून कांहीं परत मागावें लागत नाहीं. गेलेल्या गांवांची यादी पाठ असणाऱ्यांनीं राहिलेल्या गांवांचींहि नांवें एकदां वाचावीं; तीं याच चार तालुक्यांत आहेत.